बदली झाली म्हणून सांगा

"मास्तर, जरा पुढं या."

आण्णांची हाक आली तेव्हा मी मागच्या बाकापाशी तिकिटं फाडत होतो. मिरज-जत गाडी, चैत्रातलं दुपारचं ऊन, माणसं खच्चून भरलेली. आण्णा गाडी चालवताना सहसा बोलत नसत, म्हणून मी वाट काढत केबिनपाशी गेलो. गाडी बैलगाडीच्या चालीनं चालली होती. आण्णांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग असं आवळून धरलं होतं, की बोटं पांढरी पडली होती.

"काय झालं, आण्णा?"

"समोरनं काय येतंय?"

"कडब्याचा ट्रक."

"मला नुस्तं धुरावानी दिसाय लागलंय," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढं लिंबाचं झाड हाय न्हवं का, तिथं कडंला घेतो. डाव्या अंगाला जागा किती हाय, तेवढं सांगत ऱ्हावा."

मी सांगत राहिलो. आणखी थोडी, बास, आता सरळ. ट्रक घासून गेल्यासारखा शेजारून गेला आणि गाडी लिंबाखाली थांबली. एवढ्या माणसांत कुणाला पत्ता लागला नाही. आण्णांनी इंजिन बंद केलं आणि कपाळ स्टेअरिंगवर टेकलं.

"लोकांना सांगा, इंजिन गरम झालंय."

मी तसं सांगितलं. लोक कुरकुरत सावलीला उतरले. मागून आलेल्या आमच्याच डेपोच्या गाडीत त्यांना बसवून दिलं आणि आण्णांना घेऊन एका जीपनं जतला आलो. सगळ्या वाटेत त्यांनी माझा दंड सोडला नाही.

इराप्पा बिरादार हे त्यांचं नाव. डेपोत सगळे आण्णाच म्हणायचे. पन्नाशी जवळ आलेली, आडवा बांधा, मिशा भरघोस. इतकी वर्षं गाडी चालवून एकदाही कुणाला ठोकर नाही, ही त्यांची ख्याती. मी त्यांच्या गाडीवर कंडक्टर म्हणून तीन वर्षं होतो. आमच्या एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तर म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा बराच लहान, तरी त्यांनी कधी मला नावानं हाक मारली नाही.

खाण्याला माणूस दर्दी. वाटेतल्या हॉटेलवर गाडी थांबली की ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण फुकट असतं, हे काही गुपित नाही. पन्नास गिऱ्हाइकं दारात आणून सोडणाऱ्याला नको कोण म्हणणार? आण्णांसाठी मटणाचं ताट, भाताचा ढीग आणि वर वाटीभर बासुंदी तयारच असायची. चहा तर असा गोड प्यायचे, की पोऱ्या साखरेचा डबाच शेजारी ठेवून जायचा.

वाटेत तळेवाडी फाटा लागायचा. तिथं त्यांचा एक रिवाज होता. माणसांची चढउतार संपली तरी ते गाडी हलवायचे नाहीत. खाली उतरायचे आणि ओल्या फडक्यानं समोरची काच पुसत बसायचे. काच स्वच्छ असली तरी. फाट्यावर शेवंताबाईची चहाची टपरी आणि पलीकडं पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं एक दुकान, एवढीच वस्ती. मला वाटायचं, काचेच्या बाबतीत माणूस जरा वेडा आहे.

जतला डॉक्टर आरवाडे बाईंनी रक्त तपासलं आणि कागद आण्णांच्या पुढं ठेवला. साखर चारशेच्या पुढं गेली होती.

"हे आजचं दुखणं नाही," बाई म्हणाल्या. "तीन-चार वर्षं तरी अंगात असणार. तहान फार लागायची का?"

"डायवरला पाणी लागतंच की."

"पायाला मुंग्या?"

"क्लचवर पाय ठेवून ठेवून येत असतील, असं वाटलं."

बाईंनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. "नजर परत येईल. साखर खाली आली की आपोआप साफ दिसायला लागेल. पण तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. गोळ्या मी देते. बाकीचं काम तुमच्या ताटाचं आणि पायांचं आहे. ते मी करू शकत नाही."

डेपोनं त्यांना हलकं काम दिलं. फाटकाशेजारच्या खोलीत बसून गाड्यांच्या जाण्यायेण्याची नोंद करायची. पहिल्या दिवशी मी त्यांना तिथं भेटायला गेलो, तर त्यांनी मला दार लोटून घ्यायला सांगितलं.

"मास्तर, लाइनीवर कुणाला ह्या शुगरचं बोलू नका. कुणी इचारलं तर बदली झाली म्हणून सांगा."

"आण्णा, त्यात लाजण्यासारखं काय आहे? घरटी एकाला असते आता."

"लाज न्हाई. पण बोलू नका. माजी शप्पत हाय."

शपथ घालावी एवढी ही गोष्ट मोठी नव्हती. पण मी हो म्हटलं.

पहिले काही दिवस आण्णांनी दुखण्याची टर उडवली. गोळ्या घ्यायचे, चहा अर्धा कप करायचे आणि असा अर्धा कप पाच वेळा प्यायचे. खोलीत बसून बसून अंग आणखी सुटलं. गौराक्का, म्हणजे त्यांची बायको, ज्वारीची भाकरी आणि शेपूची भाजी करून ठेवायच्या, तर हे भाकरी बाजूला सारून भात मागायचे.

माझ्या गाडीवर दुसरा पोरगेला ड्रायव्हर आला होता. तो फाट्यावर एक क्षण जास्त थांबायचा नाही. एके दिवशी मी घंटीची दोरी ओढणार, तेवढ्यात एक बाई लगबगीनं खिडकीशी आली. तिच्या कडेवर दोन-अडीच वर्षांची पोर होती.

"आधीचं डायवर दिसत न्हाईत?"

"बदली झाली त्यांची."

"कुटं?"

"ते काय माहीत नाही बघा."

ती बाजूला झाली. मी घंटी मारली.

संध्याकाळी डेपोत हिशेब देऊन मी नेहमीसारखा आण्णांच्या खोलीत टेकलो. कुठं पंक्चर झालं, कुणी भांडण काढलं, असं सांगता सांगता म्हटलं, "आणि फाट्यावर एक बाई तुमची चौकशी करत होती."

आण्णांचं पेन थांबलं.

"काय सांगितलासा?"

"तुम्ही सांगितलेलं तेच. बदली झाली."

एक गाडी आत आली, तिची नोंदही त्यांनी केली नाही.

"पोर व्हती का संगं?"

"होती की. ओळखीची आहे का?"

"न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "बरं केलासा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो, तर आण्णा यल्लम्माच्या देवळाकडून घामाघूम होऊन चालत येताना दिसले. धोतराचा सोगा खोचलेला, पायात नवे कॅनव्हासचे बूट. मला पाहून थांबले नाहीत. हात वर केला आणि गेले.

त्या दिवसापासून माणूस बदलला. भात सोडला. साखर सोडली. हॉटेलातलं तर सुटलंच होतं. मटकीची उसळ, भाकरी, काकडी, पातळ ताक, असं मोजकं जेवण. सकाळी देवळापर्यंत चालणं होतंच, त्यात संध्याकाळचीही फेरी वाढली. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, आला. आमच्याकडं बेंदराला घरोघर पुरणाची होळगी असते आणि आण्णा एका बैठकीला किती खातात यावर डेपोत पैजा लागत. त्या बेंदराला मी त्यांच्या घरी गेलो, तर गौराक्का मला आत बोलावून म्हणाल्या, "तुमच्या आण्णांनी होळगीला हात लावला न्हाई. त्यांच्या वाटणीची बैलाला घातली. मला बरं वाटाय पायजे, पर भ्या वाटाय लागलंय बगा."

"भ्या कशाचं?"

"असं हट्टाला पेटल्यालं मी त्यांना एकदाच बगितलं हाय. तवा चांगलं झालं न्हवतं." एवढं म्हणून त्यांनी माझ्या ताटात होळगी वाढली.

सुट्टीच्या दिवशी मी आण्णांबरोबर चालायला जायचो. मी तिशीतला, तरी मला त्यांच्याबरोबर राहायला धाप लागायची. देवळाच्या चढावर ते गिअर बदलल्यासारखा आवाज करून पुढं सुटायचे.

"आण्णा, कोण मागं लागलंय काय?"

"दसऱ्याला मेडिकल हाय. बाई म्हणाल्या, तीन महिन्यांची सरासरी नीट आली तर सही करते. एकदा सही झाली की मी गाडीवर."

"कुठली लाइन मागणार? लांबची घ्या की आता, पुणे-बिणे. भत्ता तरी मिळेल."

"आपलीच," ते म्हणाले. "जत-मिरज."

त्यांची नजर खरोखरच साफ झाली होती. पँट ढिली होऊन पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. डेपोतली माणसं त्यांना बघायला खोलीत डोकावायची. मला अभिमान वाटायचा, जणू मीच चाललो होतो. पण चेहरा उतरला होता त्यांचा. गालाची हाडं वर आली होती. विचारलं तर म्हणायचे, साखर उतरली की असंच व्हतंय.

श्रावण संपता संपता एका सकाळी आम्ही देवळाचा चढ चढत होतो. आण्णा पुढं होते. अचानक ते वाकडी पावलं टाकायला लागले, दारू प्यायल्यासारखे. मी धावत गाठलं तर अंगावरचा सदरा भिजून चिंब, हात लटलट कापतायत, आणि माझ्याकडं बघूनही ओळख नाही.

"गाडी हळू घ्या," ते म्हणाले. "फाटा आला. हळू घ्या."

मी त्यांना एका दगडावर बसवलं आणि जवळच्या वस्तीकडं पळालो. तिथल्या म्हातारीनं काय झालं ते ऐकून घेतलं आणि गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी दिलं. मी तो गूळ त्यांच्या तोंडात अक्षरशः कोंबला. थोड्या वेळानं ते माझ्याकडं बघून म्हणाले, "मास्तर, तुमी रडाय का लागलाय?"

तसंच त्यांना आरवाडे बाईंकडं नेलं. बाईंनी सगळं खोदून विचारलं. आदल्या रात्री काय जेवलात? ताक. सकाळी गोळी घेतली? घेतली. काही खाल्लं? नाही. असं किती दिवस चाललंय?

"बिरादार, मी तुम्हाला नीट जेवा म्हणाले होते. उपाशी राहा म्हणाले नव्हते," बाईंचा आवाज चढला नाही, पण त्यात धार होती. "साखर वाढली तर शरीर हळूहळू पोखरतं. पण अशी खाली गेली तर माणूस बसल्या जागी कोसळतो. आज डोंगरावर झालं. स्टेअरिंगवर झालं असतं, मागं पन्नास माणसं असती, तर?"

"पुन्ना असं करणार न्हाई."

"करू नकाच. पण दसऱ्याची सही मी देणार नाही. आधी वेळेवर चार घास खायला शिका. गोळ्या मी कमी करते. संक्रांतीपर्यंत सगळं जागेवर राहिलं तर बघू."

आण्णा खुर्चीतून उठले आणि बाईंच्या पुढं त्यांनी हात जोडले. मी त्यांना देवळातसुद्धा एवढं वाकलेलं पाहिलं नव्हतं.

"बाई, दसऱ्याला मला गाडीवर जायाच पायजे. लई उशीर हुतोय."

"कशाला उशीर होतोय?" बाईंनी विचारलं. खरंच विचारलं, रागानं नाही. पेन खाली ठेवून त्या उत्तराची वाट बघत होत्या. मीही बघत होतो.

आण्णांचे ओठ हलले. मग त्यांनी हात खाली घेतले. "काय न्हाई," म्हणाले, "उगंच."

त्यानंतर ते शहाण्यासारखे वागले. गोळी घ्यायच्या आधी खायचे, खिशात फुटाणे ठेवायचे, आणि चाल उतरवून माझ्या बरोबरीनं चालायचे. भात पुन्हा ताटात आला, पण मूठभर. पुरणाची अर्धी होळगी खाऊन त्या दिवशी जास्त चालायचे. चेहऱ्यावर मांस भरलं, आवाजाला जोर आला. दिवाळीत मी त्यांच्याकडं फराळाला गेलो, तर दोन चकल्या मोडून खाल्ल्या आणि ताट सरकवलं, हसत. मला वाटलं, सुटला माणूस एकदाचा यातून.

संक्रांतीनंतर बाईंनी सही दिली. "हे सगळं तुम्ही कमावलंय," त्या म्हणाल्या. "असंच टिकवा."

गाडीवरच्या पहिल्या दिवशी आण्णा डेपोत सर्वांच्या आधी हजर होते. खाकी कपडे उसवून आत घेऊन शिवलेले, दाढी गुळगुळीत, मिशांना कंगवा. गौराक्कांनी भाकरीचा डबा दिला होता. गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवर लाथ मारून बघितली आणि चढून बसले. किल्ली फिरवल्यावर इंजिन धडधडलं, तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

तळेवाडी जवळ आली, तेव्हा त्यांनी मला पुढं बोलावलं.

"मास्तर, आज फाट्यावर गाडी जरा जास्त थांबणार. लोकांना तेवढं सांभाळून घ्या."

"काच पुसायची असेल," मी चेष्टेनं म्हणालो.

"न्हाई. आज पलीकडं जाऊन यायचं हाय."

फाटा आला. त्यांनी दोनदा हॉर्न दिला आणि गाडी उभी केली. उतरले, सदरा नीट केला, आणि रस्ता ओलांडायला वळले तसे जागच्या जागी थांबले. मोटारी भरायच्या दुकानाचं शटर खाली होतं. पाटीवरचं नाव पांढऱ्या रंगानं पुसलं होतं. उंबऱ्यावर वाळका पाला साठला होता.

मीही खाली उतरलो. टपरीतून शेवंताबाई पुढं आली. तिनं आण्णांना खालून वर न्याहाळलं.

"किती वाळलासा वो," ती म्हणाली. "बदली कुटं झालती?"

"दुकान?" आण्णांनी विचारलं.

"दिवाळीच्या मागनं गेली की ती. चाकणकडं, पुण्याच्या बाजूला. कारखाने हायत म्हणं तिकडं, नामदेवला काम मिळालं." तिनं आवाज खाली आणला. "त्याची बायकू लई दिस हुबी ऱ्हायची बगा. गाडी आली की भायेर यायची, डायवरच्या खिडकीकडं बगायची आणि आत जायची. मी म्हटलं, कुणाची वाट बगतीस, महादेवी? तर म्हणाली, माजे वडील चालवत हुते ही गाडी."

गाडीतून कुणीतरी ओरडलं, आता सोडा की. मी त्याच्याकडं बघितलंच नाही.

"मग ह्या मास्तरांनी सांगितलं, बदली झाली म्हणून," शेवंताबाई पुढं बोलत होती. "तवापासनं तिनं मनातच घेतलं. म्हणाली, मावशी, बदली झाली न्हाई, त्यांनी मागून घेतली. मी त्या दिवशी पोरीला त्यांच्या दाराशी उचलून धरलं, त्याचा राग आला त्यांना. आता ह्या वाटंनं बी यायचे न्हाईत."

तो दिवस मला आठवला. आण्णांची नजर गेली, त्याच्या आठवडाभर आधीचा. एका बाईनं केबिनच्या दाराशी पोर उचलून धरली होती आणि त्या पोरीनं आत हात घातला होता. आण्णांनी समोर बघत गिअर टाकला होता. मला वाटलं होतं, उशीर झाला म्हणून घाई करतायत.

आण्णा गाडीत चढले आणि मी घंटी मारायची वाट बघत बसले. मिरजेपर्यंत त्यांनी गाडी नेहमीसारखी, फुलासारखी चालवली.

मिरज स्टँडवर गाडी रिकामी झाल्यावरही ते उतरले नाहीत. मी केबिनच्या मागच्या बाकावर बसलो. पाठमोरेच ते बोलायला लागले.

"ही लाइन मी मागून घेतली हुती. लांबची चांगली गाडी सोडून. ती त्या नामदेव एडक्याबर निघून गेली तवा मी घरात सगळ्यांना बजावलं हुतं, तिचं नाव काढायचं न्हाई. गौरा नवरात्रात रडाय लागली, तवा बी गप केली तिला. मग मीच कसं काढणार नाव? तर म्हटलं, निदान बगावं तरी. काच पुसता पुसता दिसायची. एवडंच."

"आणि ती विचारत होती तेव्हा? मी तुम्हाला त्याच दिवशी सांगितलं होतं, आण्णा. एक शब्द बोलला असता, तर मी दुसऱ्या दिवशी उतरून सांगितलं असतं तिला."

"म्हाईत हाय." त्यांनी स्टेअरिंगवरून हात फिरवला. "मला तिला आजारी बाप दाखवायचा न्हवता. म्हणाली असती, अंगात रग हुती तवा बोलला न्हाई, आता हातपाय गळाले तवा आला. म्हटलं, धडधाकट हुयाचं, गाडी घेऊन जायाचं, आपल्या पायानं रस्ता ओलांडायचा. दसऱ्याला जायाचं ठरवलं हुतं मी. त्यापायीच जेवण तोडलं." मग म्हणाले, "जेवलो असतो तर गाठ पडली असती."

आम्ही महादेवीचा पत्ता शोधायला लागलो. नामदेवचं आपल्या भावांशी पटत नव्हतं. तळेवाडीत कुणी पत्ता दिला नाही, की त्यांच्याकडं नव्हताच, कोण जाणे. आम्ही आठवड्याच्या सुट्टीला चाकणच्या बाजूला दोन-तीन खेपा करून आलो, मोटारी भरायची दुकानं विचारत हिंडलो. शेवटी मिरजेच्या एका तांब्याच्या तारेच्या व्यापाऱ्यानं पत्ता दिला; नामदेव अजून त्याच्याकडूनच तार मागवत होता. तोवर आणखी एक दिवाळी उलटली होती. गौराक्का बरोबर येते म्हणाल्या, तर आण्णांनी त्यांना थांबवलं. "आदी मी जातो. दारातनं घालवलं तर मलाच घालवू दे."

तिनं घालवलं नाही. दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं. दार उघडून ती नुसती उभी राहिली, मग "या" म्हणाली आणि पाणी आणलं. पोर आता शाळेत जायला लागली होती. ती आईच्या मागून आमच्याकडं बघत राहिली. आण्णांनी हात पुढं केला तर आत पळाली.

"ती लहान हुती. आठवत न्हाई तिला," महादेवी म्हणाली. मग स्टोव्ह पेटवत विचारलं, "चहात साखर किती घालू?"

पाहुण्याला विचारतात तसं विचारलं तिनं. घरात असताना रोज बापाचा चहा तिनंच केला असणार.

"घालू नको," आण्णा म्हणाले.

तिनं वळून बघितलं. तेव्हा कुठं तिला त्यांचे सैल पडलेले खांदे, मनगट, बूट दिसले असावेत. "काय झालंय?"

आण्णांनी सांगितलं. लिंबाचं झाड, बाईंचा दवाखाना, देवळाचा चढ, गूळ, सगळं. मी त्यांना कधी कुणाशी एवढं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. मधे ती माझ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "पर ह्यांनी तर बदली म्हणून सांगितलं."

"मीच सांगाय लावलं हुतं."

"मग तवा तुमी हुता कुटं?"

"जतलाच. डेपोच्या फाटकाजवळ खोली हाय, तिथं बसायचो."

ती स्टोव्हपासून उठून भिंतीला टेकून बसली. चहा उतू जाऊन स्टोव्ह विझला, तरी तिनं बघितलं नाही.

"मी दोनदा जतच्या बाजारला आलते," ती म्हणाली. "फाटकासमोरनंच गेले. दुसऱ्या टायमाला तर हुबी ऱ्हायले. आत जाऊन आईचं तरी इचारावं, असं मनात आलं. मग म्हटलं, बदली झालेल्या माणसाचं आत कोण सांगणार."

आण्णांनी मान खाली घातली. रडले नाहीत. गुडघ्यावरचे त्यांचे हात मात्र त्या चढावर कापत होते तसेच कापत होते, आणि मला क्षणभर खरंच वाटलं की साखर उतरली.

त्या उन्हाळ्यात ती आईला भेटायला जतला आली. मग वर्षातून एकदा, कधी दोन वर्षांतून एकदा येत राहिली. नामदेव दारापर्यंत यायचा आणि परतीच्या गाडीनं जायचा. भांडण कधी झालं नाही. पण ती आली की दुसऱ्या दिवशी निघायची घाई करायची, आणि आण्णा तिला राहा म्हणायचे नाहीत. पोरीनं आजोबा म्हणायला सुरुवात केली ती बरीच मोठी झाल्यावर, तेही आईनं सांगितल्यावर.

आण्णा पूर्ण नोकरी करून निवृत्त झाले. आता पंचाहत्तरीकडं आलेत. नजर शाबूत आहे, पाय शाबूत आहेत, बाईंच्या जागी आता त्यांचा मुलगा दवाखाना बघतो, तो इतर पेशंटना आण्णांचं उदाहरण देतो. डेपोतल्या कुणाला शुगर निघाल्याचं कानावर आलं, की आण्णा न बोलावता त्याच्या घरी जातात. मी दोन-चारदा बरोबर गेलोय. लोकांना वाटतं, काय खायचं, किती चालायचं ते हा माणूस सांगेल. ते त्यातलं काही बोलत नाहीत. चहा नको म्हणतात, बसतात, आणि विचारतात, घरात सगळ्यांना सांगितलंय का?

हो, सांगितलंय की, म्हणतो समोरचा.

"सगळ्यांना?" आण्णा पुन्हा विचारतात, आणि तो विचार करीपर्यंत थांबतात.